हलकी लेन्स

भिजवलेल्या हळदीचा वास आला की मला आमच्या तालुक्याच्या गोरेगावातलं चुलत बहिणीचं लग्न आठवतं. कॉलेज करता करता मी मिररलेस कॅमेरा घेतला होता आणि दिवसभर हातात पेलावी म्हणून, खूप वाचून, हलकी टेलिफोटो झूम लेन्स निवडली होती. माझं ते पहिलंच काम. उष्टी हळद घेऊन आलेल्या नवरदेवाच्या मामांनी लेन्सकडे बघितलं. “काहून रे, लेकराचं खेळणं घेऊन आला का? मोठ्या नळकांड्याचा कॅमेरावाला बोलवा!” मी फोटो दाखवायला गेलो, त्यांनी बघितलेच नाहीत. नवरीचे वडील, म्हणजे माझे काका, हळूच म्हणाले, “राहू दे बापू, सोयरे हायेत.” मी बाजूला झालो. आता त्याच लेन्सच्या तोंडाला प्लास्टिकचं भलंमोठं, पोकळ हूड लावून मी लग्नांना जातो, आणि लोक मला सर म्हणतात.