कोट्यवधी वर्षं आणि माझी घाई

मी निघाले त्या सकाळी बाबा राब भाजायचं काम अर्धवट टाकून वैशाखऱ्याच्या एसटी थांब्यावर आले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना हात राखेने माखलेले, म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. नुसते उभे राहिले. आई म्हणाली, "शनी लोकांच्या मागं लागतो. तूच कशी गो त्याच्या मागं लागलीस?" कल्याणची गाडी आली आणि मी हसत चढले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. जर्मनीतल्या एका संस्थेत मी शनीच्या कड्यांवर काम करते. दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. यानाने पाठवलेला जुना डेटा, कोड, मीटिंग, डेडलाइन. लांबून अखंड दिसणारी ती कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे. शनीजवळचे वेगाने फिरतात, लांबचे सावकाश. मधेच एखादा पिटुकला चंद्र नुसत्या ओढीने आपली वाट मोकळी ठेवतो. हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा माझे डोळे भरले होते. आता कॉफी गार होते आणि मी आकडे तपासत राहते.

बाबांना हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर सांगायचे. एकदा सांगितलं, की कड्यांतला बर्फ पावसासारखा शनीवर पडतोय.

"म्हंजे कडी संपनार?"

"हो."

"कवा?"

"कोट्यवधी वर्षांनी."

"मंग तुला येवढी घाई कसली? एकदा येऊन जा गो. मला हल्ली दम लागतो."

कड्यांवरचा पेपर छापायला गेला की येते, मी म्हणाले. पेपर दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पाठवला त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. बाबा शेतातून येऊन ओट्यावर टेकले होते, ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

कुणी बोल लावला नाही. तेच जड गेलं. दादाने खुर्ची पुसून दिली, वहिनीने बाटलीचं पाणी आणलं. जिच्याबरोबर गुडघाभर चिखलात लावणी केली, ती मैत्रीणही म्हणाली, "तुमी कधी आलात?"

आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. "नाय. तिथं बोलू कुनाशी?"

मग मीच रजा वाढवली. तेराव्यानंतर एका दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते. आई आतून आली, उंबऱ्यात थांबली. "पावनीवानी काय बसलीस? भांडी पडलीत. ऊठ."

मागल्या दारी पातेली घासता घासता मला रडू फुटलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात त्यांना हे कळेल. जे राहिलात त्यांनी हसू नका. घर कुठे म्हणून विचारलं तर मला आता ना वैशाखरे सांगवत, ना तिकडचं गाव. मला हक्काने कामाला लावणारं एकच माणूस उरलंय. ते आहे तोवर मी घरची आहे. आणि आई आता जिना चढताना दोनदा थांबते.