तीन लुगडी

"फेड," वकिलीणबाई म्हणाल्या. "इथंच फेड. खरं गरजू कोण ते सगळ्यांना कळू दे."

आंब्याच्या झाडाखाली कपडे वाटपाची रांग होती. रांगेत बायका होत्या, पुरुष होते, निम्मे आमच्याच गावचे. आईनं धाकट्याला माझ्याकडं दिलं आणि वरचं लुगडं फेडलं. निऱ्या मातीत पडल्या. मग दुसरं फेडलं. सगळ्यांत आत तिसरं होतं, ठिगळाचं. तेवढ्यावर ती उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, इतका की तोंड दिसेना.

"बघा. तीन-तीन लुगडी अंगावर आणि आमच्यापुढं हात पसरतात. निर्वासित म्हणे!"

मागून कुणीतरी म्हणालं, "वऱ्हाडाला निघाली असंल माय." लोक हसले.

वकिलीणबाईंना हे कळलं कसं? मी सांगितलं होतं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. मी बारा वर्षांची. आमचं गाव चिटगुप्प्याच्या बाजूला. हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या. आमच्या घराला त्यांनी आग लावली तेव्हा आईनं पेटीतली दोन्ही चांगली लुगडी काढली आणि अंगावरच्या लुगड्यावर एकावर एक नेसली. एक माहेरचं, एक लग्नातलं. म्हणाली, "हातातलं हिसकत्यात. अंगावरचं न्हाई." मग धाकट्याला कडेवर घेतलं आणि निघाली. कधी गाडीत, कधी पायी, पाच दिवस. तीन लुगडी नेसलेल्या बाईला गुडघ्यात नीट वाकता येत नाही. ती ताठ चालते, बसायची वेळ आली की हळूच कलते. ती चाल मी पाच दिवस मागून बघितली.

वाटेत टोळीवाल्यांनी दोनदा अडवलं. भांडी घेतली, ज्वारी घेतली. आईच्या अंगाला हात लावला नाही. अंगावरचं फेडायला लावलं ते हद्दीपलीकडं, मदत करणाऱ्यांनी.

सोलापूरकडच्या त्या छावणीत मदत वाटायला वकिलीणबाई सकाळी टांग्यातून यायच्या. इस्त्रीचं पातळ, पायात चपला. त्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि गोड आवाजात विचारलं, "तुझी आई एवढी जाड कशी गं? दिवस गेलेत का?"

मला हसू आलं. आईच्या हुशारीचा अभिमानही वाटला. "न्हाई बाई, तीन लुगडी नेसल्यात तिनं."

तोंडात लाडू होता. त्याची चव अजून आठवते. आठवली की लाज वाटते.

चांगली दोन्ही लुगडी वकिलीणबाईंनी ठेवून घेतली. त्यांच्या मते ज्या खऱ्या गरजू होत्या त्यांना द्यायला. आई मला रागावली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "लाडू खाल्लीस का समदा?" एक चापट मारली असती तर बरं झालं असतं.

मग भारताची फौज आली, निजामी राज्य गेलं, आम्ही गावी परतलो. आता भीतीनं पळायची पाळी दुसऱ्यांची होती. मुसलमान घरं गाव सोडून बीदरकडं निघाली. गावच्या वेशीत पाटीलअप्पा आणि दहा-बारा बाप्ये बसले होते. लुटीचा माल जायलाय का बघायचा, असं त्यांचं म्हणणं.

सकाळची वेळ. मी घागर घेऊन आडाकडं निघाले होते. पिंजाऱ्याची बायको वेशीपाशी आली. तिला आम्ही खाला म्हणायचो. तिचा नवरा दोन दिवसांपासून सापडत नव्हता. एका हाताला म्हातारी सासू. आणि खाला ताठ चालत होती. गुडघ्यात न वाकता. मी लगेच ओळखलं.

"काय गं खाला, चार दिसात लई अंग धरलीस!" पाटीलअप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ये पोरी. आम्ही बाईमाणसाला हात लावावं व्हय? तू बघ. किती नेसलीय मोज."

मी घागर खाली ठेवली. "म्या न्हाई बघणार."

"कामून? तुझं घर जाळल्यालं इसरलीस?"

"न्हाई इसरले. माझ्या मायचं फेडलं तवा म्या तिथंच हुते. म्या न्हाई फेडणार."

कुणी हसलं नाही. पाटीलअप्पांनी पान थुंकलं. मग म्हणाले, "बरं. सरक बाजूला." आणि शेजारच्या गंगूला हाक मारली. गंगू माझ्याच वयाची.

मी सरकले.

गंगूनं पदर उचलला, काठ मोजले. "तीन हायत अप्पा!" ती ओरडली. खुशीत. अगदी माझ्यासारखी.

वरची दोन तिथंच फेडून घेतली. खाला आतल्या ठिगळाच्या लुगड्यावर वेशीबाहेर गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बघावं असं मी काही केलंही नव्हतं. ती फार चांगली बाई होती, असं मी सांगणार नाही. ती कजाग होती, आमच्याशी भांडायची. म्हणून काय झालं?

पुढं मी शिकले, शिक्षिका झाले. नागरिकशास्त्र शिकवताना निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल वाचलं. आमच्या त्या वर्षानंतर तीन वर्षांनी, लांब युरोपात तो झाला. मी त्यात लुगडी शोधली. नव्हती. माणूस किती फाटका आहे हे तो कायदा विचारत नाही. छळाची खरी भीती आहे का, एवढंच विचारतो, आणि अशा माणसाला त्या छळाच्या तोंडी परत ढकलू नका म्हणतो. वाचून मी पुस्तक मिटलं.

पण त्याच कायद्यात असंही आहे की माणूस आपल्या देशाबाहेर पडलेला असला पाहिजे. खाला फक्त बीदरला निघाली होती. कुठली हद्द तिनं ओलांडली नाही. म्हणजे कागदावर ती निर्वासितही नाही. आणि आपल्या देशानं त्या कागदावर सहीही केलेली नाही.

त्या दिवशी मी नाही म्हणाले, हे मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत होते. आता सांगत नाही. एक पोरगी नाही म्हणाली तर दुसरीला हाक मारता येते. म्हणून तर कायदा लागतो. आणि कायदा पोचत नाही तिथं माणूस लागतो, जागचा न हलणारा.

दुष्काळात आमच्या शाळेत छावणी उघडली तेव्हा नोंदणीच्या टेबलावर मी बसले. एक पुढारी म्हणाले, "बाई, हिच्या कानात सोन्याची फुलं आहेत, हिला कशाला धान्य?" मी म्हणाले, "तिच्या कानाकडं बघायचं काम तुमचं नाही. नाव लिहिलंय. पुढची."

ते म्हणाले, "तुम्ही सरका, दुसरं कुणी बसवतो."

मी सरकले नाही. सरकणार नाही.