उजव्या पाकळीची गोष्ट

आजी-आजोबांच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय, की विक्रोळीला आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही ती पाठ आहे. सांगणारी नेहमी आजी. आजोबा गिरणीतून रजेवर गावी आले, शेजारच्या वाडीतली ही मुलगी त्यांना आवडली. पण त्यांच्या आईचा हट्ट, देवाला कौल लावल्याशिवाय हो म्हणणार नाही. मग गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर विषय संपला.

"उजवीच पडली!" आजी टाळी वाजवून सांगायची. तेवढ्यात आजोबा हमखास उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा लाजला बघ!

आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. आजी आता विसरायला लागलीय. सकाळी नाश्ता केला हे दुपारी आठवत नाही. मी घाबरले. पुढच्या पोरांसाठी गोष्ट जपायला हवी, म्हणून एका रविवारी मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "सांग गं, अगदी पहिल्यापासून."

पाकळ्यांपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, गेलं, हेही विसरली. "उजवी पडली ना?" मीच आठवण करून दिली.

"डावी," आजी म्हणाली.

"काहीतरीच काय आजी!"

"मी फुलां घेऊन देवळाच्या दारात उभी होतंय. गुरव पाणी आणूक भायर गेलो आणि डावी पडली. तुझ्या आजोबांनी ती उचलली, परत चिकटवली, आणि बोटान उजवी पाडली."

मला आधी हसूच फुटलं. देवालाच टोपी घातली, काय आजोबा, झकास! पण आजी हसत नव्हती. मग मला एकेक आठवायला लागलं. त्यांचं पहिलं बाळ आठ महिन्यांचं होऊन गेलं होतं. गावी गेल्यावर आजोबा गाभाऱ्यात कधीच शिरायचे नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे. केवढी भक्ती, असं आम्ही म्हणायचो. कसली भक्ती! माणूस जन्मभर भीतीने बाहेर उभा होता.

"अगं, मग तुला ठाऊक आहे हे त्यांना सांगायचं ना एकदा!"

"तेंची मान खाली जायत म्हणान नाय सांगलंय. उलट उजवी, उजवी करत रवलंय. वाटला, ऐकान ऐकान तेंचा मन हलका होयत." तिने पदर तोंडाला लावला. "मेल्या जिभेन तेंका टोचतच रवलंय मी."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. ती मोबाइलकडे वाकली आणि हळू बोलली, "माका सगळा दिसलेला. दिसला तरी लगीन करून इलंय. माझ्या मर्जीन इलंय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. ते घरच्या ग्रुपवर टाकायचं मनात होतं, पण तिने माझा हात धरला. "पोरांका मगे. मी विसरूच्या आधी तुझ्या आजोबांका ऐकव."

मी तिला आजोबांच्या फोटोपुढे खुर्चीत बसवलं आणि मोबाइल फोटोला टेकवून लावला. तिचाच आवाज ती मान हलवत ऐकत होती. शेवटचं वाक्य संपलं. तिने डोळे पुसले आणि फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलात मां? आता भितर जावा."