मंडळाच्या वेबसाइटवरच्या कुसुमताई

कुसुमताई जाऊन आज वर्ष झालं, आणि मंडळाच्या वेबसाइटवर त्या आज सकाळपर्यंत ॲडमिन होत्या.

नाव मीच काढलं नव्हतं. हात धजत नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई आमच्या सेलूच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. पेटी वाजवायच्या. आमचा सूर चुकला की पेटी थांबवून नुसत्या बघायच्या.

ते बघणं लय वाईट.

आमच्या सप्ताहात दिवसाचे पहारे बायकांचे. पहारा म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं. सप्ताह संपेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही. एकीने दुसरीच्या गळ्यात द्यायची, आणि देताना दोघींनी एकमेकींच्या पाया पडायचं.

मग ती सासू असो नाहीतर सून.

कोणाचा पहारा कधी, हे फोनवर सांगून सांगून ताईंचा घसा बसायचा. म्हणून वेबसाइट काढायचं ठरलं.

परभणीहून एकजण आला. बोलायला गोड. "काकू, तुम्ही फक्त फोन करायचा. काय बदलायचं ते आम्ही बदलून देऊ."

ताईंनी विचारलं, "आणि तुमी दुकान बंद केलं तर?"

तो हसला. "मग साइटपण बंद."

"म्हणजे वीणा तुमच्या गळ्यात. आमी नुसतं ऐकायचं."

त्याने चहा घेतला आणि गेला.

मग ताईंनी आम्हाला ओपन सोर्स समजावलं. कोणीतरी बनवून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं सॉफ्टवेअर. वापरा, बदला, पुढच्याला द्या.

मंडळाचा हिशेब माझ्याकडे. "फुकट" एवढंच ऐकलं आणि मी मान हलवली.

"रुक्मिण, फुकट म्हणून घेऊ नको. इंटरनेटवरच्या जागेचं भाडं वर्षाला द्यावंच लागतंय. आपल्या हातात राहतं म्हणून घे."

तेव्हा त्यांचे दवाखान्याचे फेरे सुरू झाले होते. त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

"मी हाय तोवर चालंल, असलं मला काही नको," म्हणाल्या. "माझ्यामागं चाललं पाहिजे."

आम्ही आधी एक सॉफ्टवेअर बघितलं. लय मोठं. भाजी आणायला हत्तीवर बसून जायचं, तशातली गत.

दुसरं दिसायला देखणं, पण त्यात मराठी जोडाक्षरं तुटायची. विठ्ठलाचं नाव काही केल्या नीट उमटेना. ताई म्हणाल्या, "देवाचं नाव मोडणारं नको बाई."

तिसऱ्यात बटणंसुद्धा मराठीत. तेच घेतलं.

आता गंमत ऐका. देवाच्या दारात लहानमोठं कोणी नसतं म्हणून आम्ही सगळ्याच बायकांना ॲडमिन करून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी माझी जाऊ सुमन "जरा रंग बदलून बघते" म्हणाली, आणि तयार रूपांतलं हॉटेलवाल्यांचं रूप साइटला लागलं. पांडुरंगाच्या फोटोच्या जागी कॉफीचा कप. खाली इंग्रजीत लिहिलेलं, टेबल बुक करा.

"अगं सुमन, देव कुठं गेला?" ताईंनी विचारलं.

"कॉफी प्यायला गेला असंल ताई. येईल की."

ताई इतक्या हसल्या की धाप लागली. मग जुनं रूप परत लावलं. पांडुरंग पुन्हा विटेवर.

"वीणा एका वेळी एकीच्याच गळ्यात असती," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी लिहावं, वाचावं. ॲडमिन मी, आणि माझ्यामागं तू."

"मी? ताई, मी मॅट्रिक बाई!"

"मंडळाचा हिशेब ठेवतीस, त्याला काय कॉलेज लागलं का?"

महिनाभर शिकवलं. पान कसं करायचं, फोटो कसा टाकायचा, बॅकअप कसा घ्यायचा. मी चुकले की नुसत्या बघायच्या. तसंच, पेटी थांबवून बघायच्या तसं.

शिकवणीच्या शेवटच्या दिवशी फोन माझ्या हातात दिला आणि पलंगावरूनच वाकायला लागल्या.

"अहो ताई, काय करायलात हे!"

"वीणा देताना पाया पडावंच लागतं."

मग मीही घाईने वाकले. दोघींची डोकी आपटली. कपाळ चोळत दोघी हसत बसलो.

ताईंसोबतचं माझं ते शेवटचं हसणं.

यंदाच्या सप्ताहात सगळ्या जणी साइट बघूनच पहाऱ्याला आल्या. वीणा कुठे टेकली नाही. कालाही गोड झाला. आता सुमन फोटो टाकते, मी बॅकअप घेते. पांडुरंगाच्या कृपेने छान चाललंय.

आज सकाळी सुमन म्हणाली, "वहिनी, माणूस नाही तर ॲडमिन ठेवू नये. त्यांच्या नावाने कोणी घुसलं तर?"

खरं आहे. देवाला दिवा लावला आणि ताईंचं नाव काढायला बसले.

साइटने विचारलं, यांनी लिहिलेलं सगळं पुसायचं, का दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचं?

पुसायचं नव्हतं. आणि त्यांनी लिहिलेलं माझ्या नावावर कसं करू?

रद्द केलं.

मग ताईंच्या नावापुढचं "ॲडमिन" काढलं आणि "वाचक" केलं. नाव तिथेच ठेवलं. त्यांची पानंही त्यांच्याच नावाने राहिली.

फोन खाली ठेवायच्या आधी पाया पडले.

ताई, पहारा मी घेतलाय. आता तुम्ही बसा. निवांत ऐका.

सगळ्या मंडळाकडून तुम्हाला रामकृष्णहरी.