घामाच्या ग्रंथींना कोण सांगणार

केदारखेड्याच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवायचे. त्वचेचा धडा म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर थर काढायचे: वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, तिच्यात वेटोळं घालून बसलेल्या घामाच्या ग्रंथी, केसांच्या मुळाशी तेलाच्या. रंग तयार करतात त्या बाह्यत्वचेच्या तळातल्या पेशी. माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढ्या जागेत त्या पेशींनी काम सोडलं होतं. असा पांढरा डाग दुखत नाही, दुसऱ्याला होत नाही, हेही मी शिकवायचे. फक्त जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी हा धडा कुणी वाचलेला नव्हता.

मे महिन्यात मला बघायला पाहुणे येणार होते. "आधीच सांगून टाकू," मी म्हटलं.

"लग्न झाल्यावर सांग की," आई म्हणाली. शाळेच्या गॅदरिंगच्या मेकअपचा पॅनकेक तिनं माझ्याकडूनच आणवला आणि मनगट असं लिंपलं, की डाग मलाही सापडेना.

पाहुणे बसले आणि लाइट गेली. रिवाजाप्रमाणे मुलाच्या आत्यानं ओटी भरायला मला आत नेलं. ओटीचं निमित्त, निरखायचे असतात हात, पाय, केस. "ऊन लई तापून राह्यलं," म्हणत तिनं माझा हात धरला. बांगड्यांखालून पॅनकेकचा ओघळ निघाला. तिनं आपली बोटं रुमालाला पुसली आणि ओटी भरली.

चहा घेऊन बाहेर आले, तर मुलाच्या कानशिलावरून काळा ओघळ कॉलरकडे निघालेला. कलप! त्यानं माझं मनगट पाहिलं, मी त्याचं कानशील. तो हसला, मीही हसले. मनापासून आवडला मला तो. वाटलं, चला, फिट्टंफाट झाली, आता जमलंच. घामाच्या ग्रंथी कुणाच्याच बाजूच्या नसतात, याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आले. "पत्रिका जुळत न्हाई म्हणतात."

पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. कलपाचं तर कुणी नावही काढलं नाही. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

आईनं माझं मनगट हातात घेतलं आणि पदरानं उगाच पुसत राहिली. "मीच चुकले," ती म्हणाली. मला वाटलं, आता तरी हिला कळलं.

"मंग पुढचं स्थळ थंडीत बोलवू. बिलकुल घाम यायचा न्हाई."

शाळा उघडल्यावर पॅनकेकची डबी मी तिथल्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.