छापून मारलेली सासू

मनातल्या मनात सासूला मारणारे जावई गावोगाव सापडतील. त्यात काही विशेष नाही. पण मी माझ्या सासूला छापून मारलं, आणि तेही विष घालून. हातातला चहा जरा खाली ठेवा, कारण हे ऐकताना तोंडात घोट नसलेला बरा.

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी मोताळ्याच्या शाळेत मराठी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, पोरांचे 'न' आणि 'ण' सुधारत बसायचो. मी स्वतः इथलाच, पण अमरावतीला शिकून आल्यापासून माझी जीभ जरा जास्तच शुद्ध झाली होती. घरी बायको 'मले' म्हणाली की मी 'मला' म्हणायचो. ती बिचारी दुसऱ्यांदा बोलायचीच नाही.

बुलडाण्याहून तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. मालक, संपादक, जाहिराती आणणारे, वेळ आली तर पायानं छपाईयंत्र चालवणारे, सगळे एकच. भाऊसाहेब. त्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एक कादंबरी क्रमशः चालायची, 'देऊळघाटची सून'. चालायची म्हणजे किती चालायची? तिची सुरुवात झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोरं माझ्या वर्गात येऊन बसली, पण त्या सुनेचा, शेवंताचा, परागंदा नवरा काही घरी आला नाही.

याचं कारण असं की तिचा लेखकच टिकत नव्हता. भाऊसाहेब लिहायला माणूस धरायचे तो सरकारी नोकर, आणि सरकार त्याची बदली करायचं.

पहिला लेखक पोस्टातला कारकून. स्वभावानं रडवा. त्यानं शेवंताला अशी सासू दिली, भागीरथीबाई नावाची, की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ती सुनेला उपाशी ठेवी, चटके देई. जिल्ह्यातल्या बायका पदर डोळ्याला लावून ऐकायच्या. मग कारकुनाची बदली झाली यवतमाळला.

दुसरे आले शेतकी खात्यातले साहेब. त्यांच्या हाती कादंबरी गेली आणि पात्रं संकरित ज्वारीवर बोलू लागली, असं मी ऐकून होतो. ऐकून होतो, वाचलं नव्हतं. शेतकीवाल्याचं काय वाचायचं, असा माझा तोरा. हे एवढं ध्यानात ठेवा, माझं सगळं वाटोळं इथं आहे.

साहेब वर्ध्याला गेले आणि तिसरे आले एक निवृत्त फौजदार. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात गावात खून पाडला आणि मग एकेका पात्राला चौकीवर बोलावलं. भागीरथीबाई चार अंक नुसती जबाबाला बसून होती, तोंडातून शब्द काढत नव्हती. शेवटी निम्मं गाव तुरुंगात गेलं. घरात बोलायलाच कुणी उरलं नाही, तेव्हा भाऊसाहेबांनी फौजदारांना हात जोडले आणि मला निरोप पाठवला.

मी लेखक झालो. काय सांगू तो रुबाब. बायकोला, म्हणजे विमलला, मी सांगितलं की आता या कादंबरीला साहित्य करतो. तिनं विचारलं, मागचं सगळं वाचलं का? मी म्हणालो, पहिला भाग वाचला, शेवटचा वाचला, मधल्यात काय असणार? ती काहीतरी बोलू पाहत होती. पण बोलताना ती 'मधात' म्हणाली आणि मी तिचा शब्द सुधारत बसलो. ती उठून चुलीकडं गेली.

कारकुनाच्या भागात सासू छळवादी, फौजदारांच्या भागात सासू संशयित. मला चित्र अगदी स्वच्छ दिसलं. ठरवलं, या दुष्ट बाईचा निकाल लावायचा. मग मी असा प्रसंग रचला की भागीरथीबाई सुनेसाठी खिरीत विष कालवते, वाट्या बदलतात आणि ती खीर तीच खाते. मरताना तिच्या तोंडी घातलं, "अरेरे, माझ्या कर्माचे फळ मला मिळाले!" तेवढ्यावरही थांबलो नाही. त्याच अंकात तिला स्मशानात नेऊन चितेला अग्नीसुद्धा देऊन टाकला. पुढं कुणी तिला जिवंत करू नये म्हणून.

अंक निघाला, पण विमलला मी तो वाचू दिला नाही; माहेरीच सगळ्यांबरोबर ऐक म्हटलं. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं देऊळघाटला गेलो. देऊळघाट म्हणजे विमलचं माहेर. कादंबरी त्याच गावची, तेव्हा तिथं माझा सत्कार वगैरे होईल, निदान पारावर चार माणसं उठून उभी राहतील, अशी माझी कल्पना. मी तर धुवट कोट घातला होता.

एस.टी.तून उतरलो. पारावरची माणसं उठली, हे खरं. पण उठून पाठ करून बसली.

पुढं रहीमचाचा शिंप्याचं दुकान. साप्ताहिक यायचं ते त्यांच्याकडं आणि दर आठवड्याला ओट्यावर बसून ते कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचे, पात्रागणिक आवाज बदलून. अर्धं गाव ऐकायला. मी नमस्कार केला. चाचांनी मशीन थांबवली नाही. माझ्या कोटाकडं बघत म्हणाले, "या मास्तर. तेराव्याले आले का?"

तेरावं? कुणाचं? विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी दोरा दातांत धरला होता.

विमल पुढं पळाली, मी मागं. घरी बघतो तर ओसरीत बायका दाटीनं बसलेल्या, कुणी बोलत नाही. सासूबाई कुठंच दिसेनात. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात; गावाला त्या सरूबाई. माझे सासरे केव्हाच वारलेले, त्या घरात वयानं मोठं माणूस एकच, मामी. दुसरं कोण जाणार?

विमलनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. आणि खरं सांगतो, मलाही राहवलं नाही. मी बायकांच्या मधोमध मटकन बसलो आणि रडत रडत बोलू लागलो. म्हणालो, केवढी माया होती त्या माउलीची, माझं कधी काही चुकलं तरी शब्दानं बोलली नाही, एक दिवस आधी कळलं असतं तर पाय तरी धरले असते. शिकवायची सवय, त्यामुळं भाषण चांगलंच लांबलं. एकदोन बायका तोंडात पदर कोंबत होत्या. मला वाटलं, हुंदका आवरताहेत.

तेवढ्यात मागच्या दारानं मामी आत आल्या. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, काखेत काळी छत्री. माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"कोन गेलं, जावईबापू?"

मी पाहतच राहिलो. तोंडातून निघालं, "तुम्ही."

"हाव. वाचलं ना आमी."

ओसरीत एकदम हशा फुटला. मामी मात्र हसल्या नाहीत. हात धुवायला गेल्या.

मग विमलनं डोळे पुसून मला कोपऱ्यात घेतलं आणि जे मघापासून, म्हणजे खरं तर महिनाभरापासून सांगायचं होतं ते सांगितलं. शेतकी खात्यातले साहेब संकरित ज्वारीच्या कामासाठी देऊळघाटला मुक्कामाला असायचे आणि जेवायला असायचे मामींकडं. त्यांनी काय केलं, भागीरथीबाईला हळूहळू बदलत नेलं. आधी ती सुनेला एक दिवस जेवू घालते. मग तिच्याकडून लिहायला शिकते. मग काखेत काळी छत्री घेऊन शेतावर जाते आणि बी वेळेवर न देणाऱ्या साहेबाला उभ्या उभ्या झापते. वर्षभरात त्या छळवादी बाईच्या मामी झाल्या होत्या. सगळ्या गावाला ठाऊक. रहीमचाचा तिचं बोलणं मामींच्याच आवाजात वाचायचे. मामी समोर बसून ऐकायच्या आणि कुठं चुकलं तर सांगायच्या.

आणि त्या भागीरथीबाईच्या हातात मी विषाची पुडी दिली होती.

मी माफी मागायला गेलो. मामींनी हात पुसले. पाट मांडला, ताट वाढलं, आणि ताटात वाटी ठेवली. गव्हाची खीर.

पुन्हा सगळ्या बायका गोळा झाल्या. आता शहाण्या माणसानं काय करावं? वाटी उचलावी, घटाघटा प्यावी. मी वाटीकडं बघितलं. मामींकडं बघितलं. पुन्हा वाटीकडं बघितलं. बस, एवढंच केलं मी. क्षणभराचं काम.

"काऊन?" मामी म्हणाल्या. "इख घातलं वाटते?"

मग मी ती खीर खाल्ली, दुसरी वाटी खाल्ली, तिसरी मागून घेतली. उपयोग शून्य. मामींचा आवाज बदलला होता. म्हणाल्या, "चटके देल्ले असं लिवलं असतं तं चाललं असतं. पयले तसंच होतं. पन आता लोकं म्हनतात सरूबाईच्या घरी खीर खाऊ नका. हसत म्हनतात. पन म्हनतात. अन् मरतानी मले पुन्याच्या बाईवानी बोलाले लावलं."

त्या आत निघून गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं का, मी सांगू शकत नाही, कारण मान वर करायची माझी हिंमत नव्हती. विमलनं तिथंच जाहीर केलं की आई जिती झाल्याशिवाय मी मोताळ्याला येत नाही.

मी एकटा परतलो. वाटेत बुलडाण्याला छापखान्यात उतरलो. भाऊसाहेब माझीच वाट बघत होते. देऊळघाटच्या लोकांनी अंक परत आणून टाकले होते, त्या गठ्ठ्यावरच ते बसले होते. मी तिथंच जुने अंक काढून शेतकीवाल्या साहेबांचे भाग वाचायला बसलो. भागीरथीबाई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिते आणि ते उलटं लिहिते, तिथं मी इतका हसलो की भाऊसाहेब पाणी घेऊन धावले, आणि मग तेच पान मी पुन्हा तीनदा वाचलं. मला असं एक पान आयुष्यात लिहिता आलं नसतं. आणि मी त्या बाईला जाळून बसलो होतो.

आता तिला उठवायची कशी? जुळी बहीण आणावी? स्वप्न होतं म्हणावं? फौजदारांना विचारलं, तर ते म्हणाले, प्रेताची ओळख पटली होती का ते बघा, आणि नसेल तर मला परत लिहायला द्या. शेवटी सगळा तोरा गुंडाळून मी पुन्हा देऊळघाटला गेलो आणि मामींनाच विचारलं की तुम्हीच सांगा, तुम्हाला जिवंत कसं करू?

मामी तूर निवडत होत्या. दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "त्या खिरीत इख नवतंच. सुनेनं जायफळ जास्त टाकलं. म्हातारीले झोप लागली. कोनी हालवून नाई पाह्यलं, नेलं उचलून."

"पण चिता पेटली होती, मामी. मी लिहिलंय तसं."

"पेटली म्हने. पानी आलं. लाकडं वली. म्हातारी उठून बसली, छतरी मांगतली अन् घरी आली."

"आणि ते शेवटचं वाक्य? कर्माचे फळ?"

"ते झोपीत बडबडली."

मी लिहून घेतलं, शब्दन् शब्द, 'न'ला 'ण' न करता. ज्या आठवड्यात तो भाग निघाला त्या आठवड्यात रहीमचाचांना म्हणे तो तीनदा वाचावा लागला. गावात साखर वाटली. विमल घरी आली आणि येताच दारात म्हणाली, "मले च्या पाह्यजे." मी चहा टाकला.

पण खरी गंमत पुढंच आहे. मामींनी एक भाग सांगितला आणि त्यांना चटक लागली. पुढच्या रविवारी निरोप आला, या, दुसरा भाग तयार हाय. मग तिसरा. मी आपला दर रविवारी कागद घेऊन देऊळघाटला. माझं नाव लेखक म्हणून छापलं जायचं, पण जिल्ह्यात एकही माणूस फसत नव्हता. मामींनी तुरुंगातली निम्मी पात्रं सोडवून आणली. शेवंताचा नवरा एका परिच्छेदात घरी आणला आणि दुसऱ्या परिच्छेदात त्याला म्हशी धुवायला लावलं. आणि एक नवं पात्र आणलं, भागीरथीबाईचा जावई. मास्तर होता. शुद्ध बोलायचा. दर अंकात कुठंतरी पडायचा. कधी शेणात, कधी नाल्यात, कधी बैलाच्या पायी. मी हे सगळं माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहून काढत होतो.

कुरकुर केली नाही असं नाही. एकदा म्हणालो, मामी, तो इतका का पडतो? त्या म्हणाल्या, लोकाईले आवडते.

दोन वर्षांनी, व्हायची ती माझीही बदली झाली. लोणारला. भाऊसाहेबांना कळवलं, तर त्यांनी लगेच विचारलं की देऊळघाटात दुसरं कुणाचं अक्षर बरं आहे का. रहीमचाचांच्या सुनेचं निघालं. माझी व्यवस्था तेवढ्यात लागली.

लोणारला एस.टी. सुटण्याआधी मामींचा निरोप घ्यायला गेलो. पाया पडलो. जरा भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, मी चाललो, आता तुमच्या त्या मास्तराचं काय करणार?

"त्याची बी बदली केली," मामी म्हणाल्या. "मांगच्याच अंकात."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मारला तर नाही. कुठं केली बदली?

"ते नाई लिवलं," त्या छत्री शोधत म्हणाल्या. "कोनी इचारलंच नाई."