चहात बोट

आई चहा ओतताना तर्जनीचं टोक कपात धरते. वर्षभर मी तिच्यावर खेकसत आलो, ‘चहात बोट काय घालतेस? किळस येते.’ ती मुकाट्यानं बोट पदराला पुसायची. चटका बसला की कप भरला, एवढाच तिचा हिशोब होता, हे मला काल कळलं.

काल डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ‘दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. इतके दिवस का थांबलात?’

‘पिकायची वाट बघत होतो.’

‘हल्ली पिकावा लागत नाही. दिसायला अडचण झाली की काढायचा.’

अडचण आईला होत होती आणि थांबायचं आम्ही ठरवत होतो. ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब कोण घालणार, हा प्रश्न ‘पिकू दे’ म्हटलं की आपोआप टळायचा. किती मायेचं वाटायचं ते वाक्य!

घरी आल्यावर तिला विचारलं, ‘आई, कधी करायचं ऑपरेशन?’

‘तुला रजा मिळेल तेव्हा,’ म्हणत ती चहा ओतू लागली. मी शेजारी उभा आहे हे लक्षात येताच तिनं पटकन बोट काढून घेतलं.

कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावर पसरला. ती ओततच होती.